नाशिकात एक दिवस लेक बदलली

नाशिकला जाऊन आले म्हटलं की आमच्या सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "त्र्यंबकेश्वर केलंत का?" नाही केलं. दुसरा प्रश्न, "मग काळाराम?" तोही राहिला. गोदावरी बघितली ती स्कूटरवरून, पुलावरून जाता जाता, आणि तीही रस्ता चुकल्यामुळं दोनदा. माझी शेजारीण तर म्हणाली, "मग गेलीस कशाला एवढ्या लांब?" तिला दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून बसून लिहिते.

मी ब्लाउज शिवते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, गिऱ्हाईक असो नसो. माझी लेक तन्वी अकरा वर्षांची. तीही माझ्यासारखीच बोलकी होती. पण पुस्तक समोर आलं की एकेका शब्दापाशी अडायची. ऐकलेला धडा घडाघडा सांगेल, तोच वाचून दाखव म्हटलं की घाम फुटायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बुद्धी उत्तम आहे, हिला अध्ययन अक्षमता आहे, वाचण्या-लिहिण्याची वेगळी मदत लागेल. मदत कुठली मिळायला! दिवाळीनंतर बाईंनी तिला वर्गात उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून पोर मिटलीच.

आमच्या घराजवळ एक चौक आहे. तिथून उजवीकडं वळलं की शाळा, डावीकडं वळलं की मागच्या गल्लीनं परत घर. (उजवीकडं लिहिताना आत्तासुद्धा मी जेवायचा हात कुठला ते बघून घेतलं. ते का, ते पुढं कळेल.) त्या चौकात आलं की स्कूटरच्या मागच्या सीटवरून आवाज यायचा, "आई, पोटात दुखतंय." आधी मी रागवायचे, मग समजूत घालायचे, शेवटी मुकाट डावीकडं वळायला लागले. परीक्षा कशीबशी दिली. निकालाच्या दिवशी शाळेत सांगितलं, जूनपासून नियमित येणार नसेल तर दुसरीकडं बघा. तन्वीनं ते ऐकलं. घरी येऊन एवढंच म्हणाली, "मी कुठल्याच शाळेत जाणार नाही." आणि गप्प. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्या घरात बडबडीनं कान किटायचे तिथं पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

नाशिकला माझी धाकटी बहीण असते, शुभा. तिचे मिस्टर तिथल्याच अंबडच्या कंपनीत आहेत. तिचा फोन आला, "ताई, इथं अशा मुलांच्या पालकांचा एक गट आहे. मी शनिवारी जाते तिथं मुलांचे खेळ घ्यायला. तू तन्वीला घेऊन ये बघू." मी म्हटलं, गटात बसून रडायला तिकडं कशाला, इथं काय जागा कमी आहे? पण गेले.

शनिवार, अंबड

मे महिन्यात सोलापूरहून नाशिकला उतरलेल्या माणसाला पहिलं काय जाणवतं सांगू? वारा! आमच्याकडं या दिवसांत भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. इथं शुभाच्या गॅलरीत सकाळी चक्क शाल घेऊन बसावंसं वाटलं. शुभा म्हणाली, "नाटकं नको करूस, इथलेसुद्धा उन्हाळ्यानं वैतागलेत." वैतागू देत बापडे. त्यांना सोलापूरला पाठवा एक आठवडा.

गट संध्याकाळी भरला, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. मुलं एका बाजूला खेळत होती, पालक दुसऱ्या बाजूला सतरंजीवर. कुणी कारखान्यातले, कुणी भाजीपाला पिकवणारे, कुणी बँकेतले. गट चालवतात त्या अनघा मॅडम, विशेष शिक्षिका आहेत, केस आखूड आणि आवाज असा की माईक नको. त्यांनी मला सुरुवातीलाच सांगितलं, "इथे शनिवारी एकच नियम आहे. शाळा हा शब्द काढायचा नाही. जो काढेल तो सगळ्यांसाठी चहा करेल."

मी म्हटलं, "अहो, पण मी शाळेसाठीच तर आलेय!"

सगळे टाळ्या पिटत ओरडले, "चहा!"

हॉलच्या मागं गॅसची शेगडी होती. गेले, चहा केला. परत येऊन बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मुलगी कितवीला?" मी म्हटलं, "सहावीला जाईल, पण शाळेत तिला..." झालं, परत चहा. तिसऱ्यांदा तर मी फक्त आमच्या गल्लीचा पत्ता सांगत होते, शाळेजवळची गल्ली म्हणून. तरी सोडलं नाही मेल्यांनी. त्या संध्याकाळी नाशिककरांनी माझ्या हातचा सोलापुरी चहा इतका प्यायला की एक गृहस्थ म्हणाले, "ताई, आता दूध संपलं, तुम्ही काहीही बोला."

नियम का, ते मॅडमनी चहा पिताना सांगितलं. पूर्वी पालक यायचे आणि शाळेचंच रडगाणं गायचे, आणि मुलं कोपऱ्यात बसून सगळं ऐकायची. आता शाळेचं काम आठवड्यातल्या इतर दिवशी. तेव्हा मॅडम एकेका मुलाला शिकवतात, सरकारी इस्पितळातून मिळणाऱ्या अध्ययन अक्षमतेच्या दाखल्याचं कुणाचं अडलं असेल तर बघतात, दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो त्याची माहिती देतात, गरज पडली तर पालकांना घेऊन मुख्याध्यापकांना भेटतात. "शनिवार-रविवार मात्र मुलांना नुसतं मूल म्हणून राहू द्यायचं," म्हणाल्या.

आणि मग त्यांनी अदलाबदलीचं काढलं. महिन्यातून एक रविवार हे लोक मुलं बदलतात. तुमचं मूल माझ्याकडं, माझं तुमच्याकडं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी सगळे जमतात आणि ज्यांच्या घरी मूल गेलं ते सांगतात दिवसभर काय बघितलं. सख्ख्या आईबापांनी फक्त ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. आणि तो रविवार नेमका दुसऱ्या दिवशी होता.

मी शुभाला कोपरानं ढोसलं. परगाव, परकी माणसं, आणि माझी पोर धड तोंड उघडत नाही! शुभा म्हणाली, "मंगलताईंकडे जाऊ दे. इथं जवळच गिरणाऱ्याला शेत आहे त्यांचं. मी ओळखते गं, दहादा गेलेय त्यांच्याकडे." मंगलताई म्हणजे समोर बसलेल्या, नऊवारी नेसलेल्या, दणकट बाई. त्या मला काही बोलल्याच नाहीत. सरळ तन्वीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आमच्या कुत्रीला पिल्लं झालीत. येती का बघायला?"

तन्वीनं माझ्याकडं न बघता मान हलवली. होकारार्थी.

रविवार, पेठ रस्त्याला

सकाळी मंगलताईंचा छोटा टेम्पो दारात. फुलबाजारात झेंडू उतरवून आल्या होत्या, टेम्पोत अजून वास भरलेला. त्यांचा मुलगा ओंकार खाली उतरला, तन्वी त्याच्या जागी चढून बसली. टेम्पो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी हात हलवत होते. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

ओंकार दहावीला जाणारा, मिसरूड फुटलेला, उंचीनं माझ्यापेक्षा वरचढ. मी शुभाची स्कूटर घेतली. "काय रे, कुठं जायचं?"

"मिसळ खायला, काकू. पंचवटीत. रस्ता मी सांगतो, मला सगळे पाठ आहेत."

निघालो. तो मागं बसून सांगत होता, डावीकडे, उजवीकडे, सरळ. मिसळ मिळाली आणि ती काय वर्णावी! आमच्याकडं मिसळ म्हणजे दोन घासांचा नाश्ता. इथं ताटच येतं समोर, मटकी वेगळी, रस्सा वेगळा, पापड, दही, वर जिलबी. तिखटानं माझ्या नाकातोंडातून धूर आणि ओंकार म्हणतोय, "काकू, रस्सा अजून घ्या, कितीही देतात." शेंगाचटणी मात्र त्यांनी आमच्याकडून शिकावी, एवढं बोलून ठेवते.

खाऊन निघालो. ओंकार म्हणाला, नदीच्या पलीकडे एक बाग दाखवतो. पेठ नाक्याच्या चौकात तो म्हणाला, "डावीकडे घ्या." मी नीट विचार करून, स्वतःशी खात्री करून, डावीकडं घेतलं. बरंच अंतर गेल्यावर दुकानं संपली, मोकळी रानं लागली, समोर डोंगर दिसायला लागले. थंड वारा, रस्त्याकडेला आंब्याची झाडं, नाशिकचा मागमूस नाही.

"काय रे, बाग एवढ्या लांब?"

"काकू, हा पेठचा रस्ता आहे. तुम्ही उलट्या बाजूला वळलात. मला वाटलं, तुम्हाला इकडेच यायचं असेल."

"डावीकडे म्हणालास ना तू?"

"म्हणालो असेन. पण हात उजवीकडे दाखवला होता. माझं तोंड चुकतं. हात चुकत नाही. गटात सगळ्यांना माहितीये, ओंकारचा हात बघायचा."

"अरे बाबा, मी गाडी चालवतेय! मागं बसलेल्याचा हात मला कसा दिसणार?"

मी गाडी कडेला थांबवून मागं वळले. मग माझ्या डोक्यात आलं. "थांब. मग सकाळी मिसळीपर्यंत आपण बरोबर कसे पोचलो? तेव्हाही तू उलटंच सांगत असशील ना?"

त्यानं डोळे मिटून, हात इकडं तिकडं हलवून सगळा रस्ता आठवला आणि खो खो हसायला लागला. "काकू! मी उलटं सांगत होतो आणि तुम्ही उलटं वळत होता!"

अगदी तसंच झालं होतं. सकाळी मी गप्पांच्या नादात होते. आणि गप्पांच्या नादात असले की मला डावं-उजवं कळत नाही, हे माझं लहानपणापासूनचं आहे. ब्लाउजची डावी बाही चुकून उजवीला लागू नये म्हणून मी डाव्या बाहीवर खडूनं फुली मारते. स्कूटर शिकताना डाव्या हातात मुद्दाम लाल बांगडी घालायचे. नाक्यावर पहिल्यांदा मी डोकं लावून बरोबर वळले, आणि नेमके तेव्हाच चुकलो.

कपाळावर हात मारून मी रस्त्याकडेच्या आंब्याखाली बसले. तिथं एक म्हातारी पानाच्या द्रोणांत करवंदं विकत होती. आम्ही घेतली, बोटं काळीनिळी होईपर्यंत खाल्ली. मी ओंकारला फुलीचं आणि बांगडीचं सगळं सांगितलं. तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "मग तुम्ही पण आमच्यातल्याच की."

आता वाईट वाटायला हवं होतं, नाही का? खोटं कशाला बोलू, मला इतकं हलकं वाटलं! तन्वीला हे कुठून आलं म्हणून मी किती रात्री छताकडं बघत घालवल्या. माझ्या खाण्यात काही आलं का, कुणाची नजर लागली का. आणि ते माझ्याकडूनच आलं असेल तर असेल की! मी दुकान चालवतेय, संसार करतेय, अख्ख्या गल्लीचे ब्लाउज बेतशीर शिवतेय. एक फुली मारली की काम भागतं. तिलाही तिची फुली सापडेल. त्या आंब्याखाली मला रडू आलं आणि मी ते करवंदाच्या आंबटपणावर ढकललं.

परत निघताना ओंकारनं युक्ती काढली. "मी बोलतच नाही. वळायचं त्या बाजूच्या खांद्यावर टिचकी मारतो. तुम्ही टिचकीकडे वळा." आणि काय सांगू, एकही वळण चुकलं नाही. पुलावरून गोदावरी दुसऱ्यांदा दिसली ती तेव्हा, कडेला माणसं अंघोळी करताना, ओली वस्त्रं वाळत घातलेली.

रविवार संध्याकाळ

हॉलवर पोचलो तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. तन्वी आधीच आली होती. फ्रॉकला माती, केसांत झेंडूची पाकळी. माझ्याकडं धावत आली नाही, दुसऱ्या मुलींत बसली.

एकेका घराचं सांगणं झालं. माझी पाळी आल्यावर मी ओंकारचं सांगितलं. रस्ता चुकल्याचं, टिचकीचं, आणि मिसळीच्या हॉटेलात त्यानं मी सांगायच्या आत माझ्यासाठी पाणी मागितल्याचं. मंगलताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या.

मग त्या उठल्या. "तुमची लेक लय बोलती बाई," म्हणाल्या.

मी तोंड उघडणार तोच मॅडमनी बोट वर केलं. बोलायचं नाही.

"पिल्लांना नावं ठेवली तिनं. कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसली, तर आमच्या मालकांनाच रागावली, का तर त्यांची जुडी एक बारीक, एक जाड. ते म्हणले, ही पोरगी इथंच ठेवून घ्या, माझ्यावर नजर ठेवायला." सगळे हसले. मंगलताई थांबल्या. मग शांतपणे हॉलच्या मागं बघत म्हणाल्या, "आता पुढचं सांगायचं तर मला आज चहा करावा लागल. करते. मला शाळेचं बोलायचंय."

मॅडमनी मान हलवली.

"जेवताना पोरीनं इचारलं, ओंकारदादाला वर्गात मोठ्यानं वाचायला लावतात का. मी म्हनलं, लावायचे. तो बी गेला नाय दोन महिने. मग आम्ही गटातली चार-पाच घरं मिळून गेलो, मुख्याध्यापकासमोर बसलो. भांडलो नाय. सांगितलं, याला तोंडी इचारा, उभं करून वाचायला लावू नका. ऐकलं त्यांनी. तवापासनं तो जातो. पोरीनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हनली, माझ्यासाठी येईल का कुणी असं? मी म्हनलं, मी येते की. ती म्हनली, सोलापूर लय लांब हाय. मी म्हनलं, बाई, रेल्वे कशाला काढलीय मग सरकारनं?"

पोर शाळेला घाबरते असं मी धरून चालले होते. ती एकटीनं जायला घाबरत होती, बास. मी रोज तिला चौकापर्यंत सोडायला जात होते, पण तिच्या बाजूनं शाळेत आत जाऊन बसलं होतं कोण?

मंगलताई चहा करायला गेल्या. मी त्यांच्यामागं गेले आणि शेगडीपाशी त्यांना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "आवो, दूध उतू जाईल." गेलंच उतू.

निघताना ओंकार तन्वीपाशी गेला आणि तिला काहीतरी समजावत होता. दुसऱ्या दिवशी शुभाच्या स्कूटरवर ती मागं बसली तेव्हा कळलं काय ते. मी विचारलं, "कुठं वळू गं?" तर खांद्यावर टिचकी! दोन दिवस आम्ही असंच नाशिक हिंडलो. टिचकी मारेल तिकडं वळायचं. भाजीबाजार, फुलबाजार, चिवड्याचं दुकान, परत चिवड्याचं दुकान. आणि बडबड! माझे कान किटले. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

परत सोलापूर

मंगलताईंना रेल्वेनं यावं लागलं नाही, पण त्या तयारीत होत्या, रोज फोन यायचा. मी आमच्या गल्लीत विचारत सुटले. माझ्याकडं शिवायला येणाऱ्या बायकांतच दोघी सापडल्या, एकीचा मुलगा, एकीची पुतणी, तन्वीसारखंच. इतकी वर्षं मापं घेतली त्यांची, कधी बोलणं निघालं नव्हतं. आम्ही तिघी शाळा उघडायच्या आधी मुख्याध्यापिकांकडं गेलो. डॉक्टरांचा कागद पुढं ठेवला. नाशिकहून अनघा मॅडम फोनवर होत्या. भांडलो नाही. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं, वर्गशिक्षिकेला बोलावलं, आणि सांगितलं, तन्वीला तोंडी विचारू, वर्गात वाचायला उभं करणार नाही. बाहेर आल्यावर आम्ही तिघींनी उसाचा रस प्यायला, आणि मी इतक्या जोरात हुश्श केलं की रसवाला बघत राहिला.

तन्वीला सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. शाळेत जाते की नाही, काहीच नाही. मीही विचारलं नाही.

शाळेचा पहिला दिवस. नवा गणवेश मीच शिवलेला. डबा, बाटली, दप्तर. चौकात आलो आणि मी स्कूटर कडेला थांबवली. काही आवाज येतो का म्हणून माझे कान मागं लागलेले. पोटात दुखतंय म्हणेल, मग काय करायचं? एक रिक्षा गेली, दुसरी गेली. मागं नुसता श्वास.

मग खांद्यावर टिचकी पडली. आणि लगेच दुसरी, जरा जोरात, आई ऐकत नाही म्हणून मारावी तशी.

मी जेवायचा हात कुठला ते बघितलं. त्याच बाजूचा खांदा होता. वळले.